आईचं इन्सुलिन, बाबांची पऱ्हाटी अन् माझी गाडी : तिन्ही बायोटेकच म्हणतात, मग अळी पऱ्हाटीतच काऊन?

वणीचा_कापूसकोंड्या

नमस्कार मंडळी, धागा कुठं काढावा समजलं नाही म्हणून इथंच टाकतोय, ॲडमिननी हलवला तरी चालेल.

दिवाळीला गावी आलोय. वणी तालुका, घरी सहा एकर पऱ्हाटी (कापूस), सगळी कोरडवाहू. लक्ष्मीपूजनाच्या रात्री जेवताना भाऊजी सुरू झाले की जीएम (जनुक बदललेलं) म्हणजे विष आहे, आपल्याला उंदीर करून ठेवलंय कंपन्यांनी वगैरे वगैरे. रोज सकाळी मोबाईलवर जे येतं ते रात्रीपर्यंत त्यांच्या तोंडून बाहेर पडतं, तो भाग वेगळा. त्याच वेळी आई फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली काढून आणत होती, तर मी सहज बोलून गेलो की भाऊजी हे पण जीएमच आहे, जंतूत माणसाचा जीन टाकून बनवतात. आई जागच्या जागी थांबली. "कोणता जंतू रे बापा?" मग अर्धा तास तिला समजावण्यात गेला अन् पुरणपोळी गार झाली.

दुसऱ्या दिवशी बाबांसोबत वावरात गेलो. सीतादही (पहिल्या वेच्याची पूजा) झालं होतं, पहिला वेचा बरा निघाला म्हणत होते, पण वरची फुलं पाहिली तर पाकळ्या मिटूनच राहिलेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या पिळलेल्या. बाबांनी एक हिरवं बोंड दातानं फोडलं अन् माझ्या हातावर गुलाबी अळी ठेवली. पाकिटावर तर मोठ्या अक्षरात बीजी-टू लिहिलंय! बाबा म्हणतात २००५-०६ च्या वेळी पंप खुंटीला टांगून ठेवला होता, अळी औषधालाही सापडत नव्हती.

आता प्रश्न. इन्सुलिन पण जनुक घालून, पऱ्हाटी पण जनुक घालून, आणि पुण्यात माझ्या २०१४ च्या गाडीत जे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरतो तेपण बायोटेक म्हणे. मग इन्सुलिन चाळीस वर्षं चालू आहे अन् पऱ्हाटीचं जनुक पंधरा वर्षांत बसलं, असं का? आणि या वर्षी जे वावरात उभं आहे त्याचं काय करायचं? भाऊजींना द्यायला उत्तर पण पाहिजे, ते भाऊबीजेपर्यंत इथंच आहेत.

लॅबवाली_ताई

तुझ्या आईला आधी सांग की बाटलीत जंतू नसतो. मी अशाच एका प्लांटच्या क्वालिटी विभागात सात वर्षं काढलीत, कुठल्या ते विचारू नको.

पूर्वी इन्सुलिन डुकरांच्या आणि गायींच्या स्वादुपिंडातून काढायचे. दोन टनांहून जास्त अवयव लागायचे तेव्हा कुठं सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास शुद्ध इन्सुलिन हाती यायचं. शिवाय ते माणसाच्या इन्सुलिनपेक्षा किंचित वेगळं, त्यामुळे काहींना इंजेक्शनच्या जागी गाठी यायच्या, ॲलर्जी व्हायची. १९७८ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय नावाच्या जंतूत माणसाच्या इन्सुलिनची कृती बसवली आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. आता काही कंपन्या हाच जंतू वापरतात, काही यीस्ट वापरतात, म्हणजे आपण पाव फुगवायला वापरतो त्याच कुळातलं. मोठ्या टाकीत ते वाढवायचं, त्यानं इन्सुलिन तयार केलं की पेशी वेगळ्या काढायच्या आणि मग शुद्ध करत करत शेवटी ५१ अमिनो आम्लांची ती एक साखळीजोडी तेवढी उरते. ती आईच्या शरीरातल्या इन्सुलिनसारखीच. (काही नवीन इन्सुलिनांत मुद्दाम एखाद-दुसरा बदल करतात, लवकर किंवा उशिरा काम करावं म्हणून.) हिपॅटायटिस बीची लस पण अशीच यीस्टमधून येते. भाऊजींच्या पोरांना ती टोचली असेल, लसीकरणाचं कार्ड काढून बघ.

आणि तुझ्या मूळ प्रश्नाचं माझ्या बाजूचं उत्तर, टाकी बंद असते रे. आतल्या यीस्टशी भांडायला कोणी किडा येत नाही. दर बॅचला आम्ही फ्रीझरमध्ये जपलेल्या त्याच मूळ पेशींपासून सुरुवात करतो, बिघडली बॅच तर फेकून देतो. मधुमेह काही इन्सुलिनला चकवायला शिकत नाही. शेतात मात्र समोर जिवंत प्राणी आहे आणि त्याला पोरंबाळं होतात.

अवांतर पण महत्त्वाचं. आई बाटलीतून घेते म्हणजे बहुतेक एका मिलीला ४० युनिटवालं असेल, आणि पेनात १०० युनिटवालं असतं. सिरिंजही वेगवेगळ्या, ४० वालीचं टोपण लाल आणि १०० वालीचं केशरी. गावातल्या दुकानात जी शिल्लक असेल ती देतात कधीकधी, मग डोसच चुकतो. आजच टोपण बघ आईचं.

पंदेकृवि_पासआऊट

ताईनी निम्मं काम केलं, आता पऱ्हाटीचं मी बोलतो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलो, आता वाशिमकडं शेती आणि कृषी केंद्र दोन्ही आहे, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खातो.

तुमच्या बाबांनी सांगितलेलं १००% खरं आहे. मातीत बॅसिलस थुरिंजेन्सिस नावाचा जंतू असतो, त्याच नावाची आद्याक्षरं म्हणजे बीटी. तो एक प्रथिन बनवतो जे अळीच्या आतड्यात विरघळून तिथं चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. अळीचं आतडं अल्कलीचं असतं, आपलं पोट आम्लाचं, आणि ते प्रथिन जिथं चिकटतं ती जागा आपल्या आतड्यात नाही. मार्च २००२ मध्ये पहिल्या तीन संकरित वाणांना परवानगी मिळाली, जालन्याच्या महिकोची होती ती. तेव्हा एक जनुक होतं. २००६ ला दोन जनुकं आली, तेच बीजी-टू. हिरवी बोंडअळी जी आपल्याला नागवत होती ती खरंच आटोक्यात आली, हे जो नाकारेल त्यानं नव्वदच्या दशकातली फवारणी बघितलेली नाही.

पण गुलाबी अळीचं प्रकरण वेगळं. हिरवीला तूर चालते, हरभरा चालतो, टमाटे चालतात. गुलाबीला जवळपास फक्त कापूसच लागतो. म्हणजे जिल्ह्यात ९०-९५ टक्के बीटी असेल तर तिला दुसरीकडं जेवायला जागाच नाही. जी एखादी अळी जन्मतःच त्या प्रथिनाला दाद देत नव्हती तीच तेवढी वाचली, आणि वाचलेल्यांचं लग्न वाचलेल्यांशीच झालं. असं होऊ नये म्हणूनच पाकिटासोबत बिगर बीटी सरकीची १२० ग्रॅमची पुडी यायची, आठवते का? कडेनं लावायची होती, म्हणजे तिथं साध्या पाखरांची पैदास होईल, ती दाद न देणाऱ्या पाखरांशी जुळतील आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला मरेल. आपण ती पुडी काय केली? बांधावर फेकली. मी स्वतः फेकलीय. माझ्या बापानं तर ढेपेत मिसळून म्हशीला घातली. नंतर सरकारनं ती बिगर बीटी सरकी पाकिटातच मिसळून द्यायला लावली, पण तोवर उशीर झाला होता.

आणि आपल्याकडचा खास घोळ, जो कुणी बोलत नाही. जगात बहुतेक ठिकाणी बीटी सरळ वाणात (संकर न केलेल्या) आहे, आपल्याकडं संकरितात. संकरित झाडाला बोंड लागलं की त्यातल्या सरक्या एकसारख्या नसतात, काहीत बीटी असतं काहीत नसतं. गुलाबी अळी खाते काय, तर सरकीच! म्हणजे एकाच बोंडात तिला थोडं विष थोडं जेवण असं वाढलेलं. पचवायला शिकण्यासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. त्यात आपलं संकरित १८० दिवसांचं, वर फरदड (हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून घेतलेला वेचा). तिला डिसेंबर-जानेवारीतही खानावळ उघडी.

गुजरातच्या चार जिल्ह्यांत एका जनुकाला ती दाद देत नाही हे २००९ च्या हंगामात सापडलं, २०१० ला जाहीर झालं. पुढं चार-पाच वर्षांत बीजी-टू पण गेलं, आणि २०१७ ला गुलाबी अळीनं आपल्याकडं काय केलं ते यवतमाळवाल्याला मी सांगायची गरज नाही.

आता उभ्या पिकाचं. ज्या फुलांचं वर्णन केलं त्या डोमकळ्या. त्या तोडून पिशवीत भरा, जाळा किंवा पुरा, बांधावर टाकू नका. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पाखरं ओढणारे) लावा आणि रोज सकाळी पाखरं मोजा. सलग तीन रात्री सापळ्यामागं आठ-आठ पतंग आले तर समजा पातळी ओलांडली. किंवा एकरातून २० हिरवी बोंडं आडवीतिडवी फिरून तोडा, दोनात अळी निघाली तर फवारणीला या, एकही नसेल तर खिसा वाचवा. औषध कोणतं ते कृषी सहायकाला विचारा, माझ्यासारख्या दुकानदाराला नको. आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, फरदड घेऊ नका. पऱ्हाट्यांची गंजी घरामागं ठेवता ना चुलीसाठी? त्यातल्या वाळक्या बोंडांत अळी झोपून राहते आणि जूनला उठते. आईची चूल पेटते ती ठीक, पण पुढच्या साली तिथूनच सुरुवात होते.

खडूस_काका_राळेगाव

वरच्या साहेबानं बरोबर सांगितलं पण शेतकऱ्याच्या माथी पुडी मारून मोकळे झाले. सहा एकरवाल्यानं कडेच्या पाच ओळी अळीसाठी सोडायच्या, अन् शेजारचा सोडत नाही, मग माझ्या ओळीत सगळ्या गावाची अळी. कोण सोडंल? कागदावर सगळं सोपं असते.

२०१७ मी पाहिलं आहे. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, फवारा वर मारला की तोंडावर येते. या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले त्या हंगामात, कितीतरी जणांच्या डोळ्यावर आलं. लोक म्हणतात बीटी आली फवारा गेला. अळीचा गेला होता, थोडे वर्षं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना बीटी काहीच करत नाही, तो त्याचा धंदाच नाही. मग फवारा परत आला अन् पहिल्यापेक्षा जहाल आला, दोन-तीन औषधं एका डब्यात कालवून. बियाणं मात्र दरवर्षी नवीन घ्यायचं, घरची सरकी ठेवून चालत नाही संकरिताची.

मी बायोटेकच्या विरोधात नाही. माझ्या बायकोला पण शुगर आहे. पण जनुक पाकिटात घालून विकणारा पाकिटासोबत गावात येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

पंदेकृवि_पासआऊट

काका, कडेच्या ओळींचं मान्य. एकट्यानं सोडून काही होत नाही, अख्ख्या शिवारानं सोडायला पाहिजे होत्या आणि ते सांगायला कुणी आलं नाही. अमेरिकेत हीच गुलाबी अळी २०१८ ला देशातून संपल्याचं जाहीर केलं, पण तिथं शेतकरी, सरकार सगळे एकत्र होते, बीटी सरळ वाणात होती, हंगाम संपला की शेतं साफ, आणि वरून विमानानं नपुंसक केलेली पाखरं सोडायचे, करोडोंनी. तंत्र तेच, मागची व्यवस्था वेगळी. इकडं नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेनं सरळ वाणांत बीटी आणलंय, कमी दिवसांचं, दाट लावायचं, सरकी घरी ठेवता येते. पण दुकानात लोक ते मागत नाहीत, बोंड मोठं दिसत नाही म्हणून. दुकान माझंच आहे, म्हणून माहीत.

तणनाशक_जिंदाबाद

एवढं सगळं वाचलं पण चोर बीटीचा (परवानगी नसलेल्या बियाण्याचा) विषय कुणी काढला नाही 😄 निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी मरत नाही असं बियाणं जगात आहे, आपल्याकडं परवानगी नाही म्हणून काळ्यात घ्यावं लागते. २०१९ ला अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेनं उघड उघड लावून दाखवलं होतं. वांग्याचं पण तेच, २०१० ला इथं थांबवलं अन् बांगलादेशवाले २०१४ पासून पिकवून राहिले. आपणच मागं.

खडूस_काका_राळेगाव

चोर बीटीचं पाकीट घेतलं अन् उगवलं नाही, तर बिल कुठं आहे दाखवायला? माझ्या भाच्यानं दोन एकर असंच घालवलं. त्यात गुलाबी अळीसाठी काही नवीन नाही, तणनाशक सोसायचं जनुक आहे ते. अळी यायची ती येतेच.

शिफ्ट_सी_सांगली

कापसातलं आपल्याला काय कळत नाय, पण गाडीचं मी सांगतो, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत हाय मी, रात्रपाळीत टाईप करतोय त्यामुळं चुकलं तर संभाळून घ्या.

भावा, तुझ्या टाकीतलं इथेनॉल आणि आईचं इन्सुलिन यात एक पाहुणा कॉमन हाय, यीस्ट. पण आमच्या यीस्टमध्ये कुणी माणसाचं जनुक घातलेलं नसतं, ते आपलं साखर खातं आणि अल्कोहोल सोडतं, ताडीवाल्याच्या मडक्यात हजारो वर्षं तेच चाललंय. फक्त आमचं मडकं लाखो लिटरचं. मळीत पाणी घालून यीस्ट सोडायचं, ३२-३३ डिग्रीच्या आसपास ठेवायचं, उन्हाळ्यात ते तापलं की यीस्ट रुसतं आणि आमची धावपळ. मग ऊर्ध्वपातन करून पाणी काढत न्यायचं, शेवटचं पाणी निघत नाही म्हणून चाळणीसारख्या दाण्यांतनं सोडायचं. एक टन सी हेवी मळीतून (साखर जवळपास सगळी काढून घेतलेली) सव्वादोनशे लिटर, बी हेवीतून (थोडी साखर मागं ठेवलेली) तीनशेच्या घरात. मागं राहतं ते स्पेंटवॉश, लिटरमागं आठ-दहा लिटर, काळं आणि वास असा की घरी बायको आंघोळ केल्याशिवाय आत घेत नाही. त्यातनं बायोगॅस काढतात, तिथं ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू कामाला. खरं सांगायचं तर मला तीच खरी बायोटेक वाटते, घाणीतनं आमचा बॉयलर चालतोय.

आणि हिथंबी सगळं यीस्टच्या हातात नसतंय. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी, साखर कमी पडंल म्हणून दिल्लीतनं एक आदेश आला, रसापासनं इथेनॉल बंद. प्लांट उभा, कर्ज चालू, यीस्ट तयार. पुढच्या ऑगस्टला उठवला. आता मक्याचं इथेनॉल वाढलंय तर कोंबडीवाले ओरडतात खाद्य महाग झालं म्हणून. सगळ्याला कुणीतरी खाणारा असतोच.

काडीकचऱ्यापासनं करायचं ते खरं नवीन तंत्र. पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालं, भाताच्या पेंढ्यापासनं, वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल असं गणित होतं, तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं. पेंढ्यातली साखर कुलूप लावल्यासारखी असती, ती सोडवायला बुरशीपासनं केलेली एन्झाइमं लागतात आणि ती स्वस्त नसतात, त्यामुळं आमच्या मळीएवढं ते सोपं नाय.

गाडीचं म्हणशील तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागं साधारण एक तृतीयांश ताकद कमी. २० टक्के मिसळलं की हिशेबानं सहा-सात टक्के कमी, पण तू आधीच ई१० वर होतास, म्हणजे नवीन फरक त्याच्या निम्मा. २०१४ ची असंल तर रबरी पाईप, गास्केट एकदा मेस्त्रीला दाखव. आणि महिनामहिना गाडी बंद ठेवू नको, पाणी ओढून घेतं ते.

लॅबवाली_ताई

@शिफ्ट_सी_सांगली वासाचं अगदी पटलं, आमच्याकडं पण यीस्टचा वास केसांत बसतो, पण आमच्या टाक्या तुमच्यापुढं लोटी-भांडी.

आणि कापूसकोंड्या, भाऊजींना एक सांग. जीएम विष असेल तर आपण ते वीस वर्षं खातोय. सरकीचं तेल कशात जातं? फरसाण, वेफर्स, हॉटेलचं तळण. ढेप म्हशीला, दूध आपल्याला. रिफाइंड तेलात ते प्रथिन जवळजवळ उरतच नाही, म्हणून घाबरू नका असंही सांग, नाहीतर दिवाळीचा चिवडा बंद पडायचा तुमच्याकडं. मी डोळे मिटून सगळ्या जीएमला हो म्हणणारी नाही, प्रत्येकाची तपासणी वेगळी व्हायलाच पाहिजे, पण नुसत्या "जीएम" या शब्दाला घाबरणं म्हणजे "औषध" या शब्दाला घाबरण्यासारखं. खोकल्याचंही औषधच आणि फवारायचंही औषधच.

परवडण्याचा काकांचा मुद्दा मात्र आमच्याकडंही आहेच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनी मिळून रक्ताच्या काही कॅन्सरवर रुग्णाच्याच पेशी बदलून परत द्यायची उपचारपद्धत केली, ऑक्टोबर २०२३ ला मंजूर झाली. अमेरिकेत तीन-चार कोटी लागतात, इथं चाळीस लाखांच्या आसपास. किती स्वस्त झालं! आणि तरी तुमच्या सहा एकरात बसतं का सांगा.

वणीचा_कापूसकोंड्या

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणी लिहील वाटलं नव्हतं.

अपडेट. ताई, टोपण पाहिलं, लाल आहे, बाटलीवर पण ४० लिहिलंय, जिवात जीव आला. आईला तुमचा तो पाव फुगवण्याचा भाग वाचून दाखवला, ती म्हणे मग जंतू काऊन म्हणतो, यीस्ट म्हण ना. तिच्या बाटलीतलं जंतूवालं आहे का यीस्टवालं ते मला माहीत नाही, मी मुकाट यीस्ट म्हटलं.

काल बाबा अन् मी २० बोंडं फोडली. खालच्या दोन एकरात तीन निघाली, वरच्या बरड वावरात एकही नाही. म्हणजे फवारा फक्त खालीच मारायचा, तेवढे पैसे वाचले. सापळे वणीला मिळाले, लावले. पहिल्या रात्री पाच पतंग.

पऱ्हाट्यांच्या गंजीवरून घरात भांडण झालं, आई म्हणते सिलिंडर तू भरून देशील का. अन् फरदडीचं बाबांना सांगितलं तर एकच बोलले, "जानेवारीत भाव चढला तर तुझा पंदेकृवि देईल का फरक?" यावर काय बोलायचं कुणी सांगेल का? मी परवा पुण्याला निघतोय.

भाऊजी सकाळपासून शांत आहेत. चिवडा खाऊन राहिले.

पंदेकृवि_पासआऊट

फरक नाही देणार 😅 पण बाबांना म्हणा फरदडीचा कापूस कवडी पडलेला (डागी, नीट न उमललेला) येतो, त्याला व्यापारी काय भावानं घेतो ते गेल्या सालच्या पावतीवर बघा. पावती असेल तर इथं टाका, हिशेब लावू. आणि पाच पतंग म्हणजे अजून दोन-तीन रात्री मोजा, वरच्या वावरात लगेच पंप काढू नका.